शाळेत प्रत्येक पोरामागं एक आपलं माणूस : जमंल का? (कोल्हापूरकरांनो, मतं द्या)

खडूफळा | ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज टंकायला बसलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात एका अनुदानित हायस्कूलला गणित शिकवतो. शाळेचं नाव राहू दे, उपनगरातली कुठलीही शाळा डोळ्यापुढं आणा. पोरं उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगावकडनं येतात, बऱ्याच जणांचे वडील फाउंड्रीत शिफ्टला, आई कुणाच्या तरी दुकानात नाहीतर घरकामाला. यंदा आमच्या हेडबाईंनी मनावर घेतलंय की प्रत्येक शिक्षकाकडं बारा-पंधरा पोरं द्यायची, आठवीत घेतली की दहावीच्या निकालापर्यंत त्याच शिक्षकाकडं. अभ्यासासाठी नव्हे हां, त्याला तास आहेत, जादा तास आहेत, वर क्लासवाले आहेत. हे कशासाठी, तर घरात भांडणं झाली, नापास झालो, कुणी चिडवलं, मैत्रीण बोलायची बंद झाली, तर जायचं कुणाकडं हे पोराला आधीपासनं माहीत पाहिजे, एवढंच. मेंटॉर म्हणतात तसं.

आता माझी अडचण. गेल्या वर्षी नववीत एक पोरगं होतं, हुशार, पण घटक चाचणीत वीसपैकी सात पडले. बाकीची पोरं मार्क वाढवून मागायला टेबलाभोवती गर्दी करून उभी, आणि हा जागेवर बसून पेपरच्या कोपऱ्याची घडी घालतोय, उलगडतोय, परत घालतोय, शेवटी तो कोपरा फाटून हातात आला. मी विचारलं काय झालं रे. "काय नाही सर." दुसऱ्या दिवसापासनं गैरहजर. पेपर माझा, वर्गशिक्षक मी, पण पोरगं बोललं ते स्काउटच्या सरांशी, ते सर गाडी घेऊन त्याच्या घरी गेले तेव्हा. का, तर त्यांच्याबरोबर पन्हाळ्याला कॅम्पला गेलता. वडिलांचं काम सुटलंय आणि हा रात्री पाणीपुरीच्या गाड्यावर प्लेटा विसळायला जातोय हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून विचारतोय, पोरं वाटायची कशी? हजेरीपटावरनं पहिली पंधरा तुमची, पुढची पंधरा माझी, असं केलं तर त्यात अर्थ आहे का? वेळ कुठनं काढायचा? आणि प्रकरण हाताबाहेरचं निघालं तर काय करायचं? अनुभव असलेल्यांनी लिहा, नसलेल्यांनीपण लिहा.

तालीमवाला | ८ जून, रात्री ११:१५

सर एक नंबर विषय काढलासा. आपल्या कोल्हापुरात ही गोष्ट नवी नाही बगा, तालमीत वस्ताद काय करतोय? पोरगं पडलं तर लगेच उचलायला धावत नाही, पण नजरबी काढत नाही. आज अंगात जोर का नाही, रात्री काय खाल्लास, घरात काय चाललंय, दोन दिवस कुठं गेलतास, हे सगळं त्याला पाठ असतंय. मी शाळेत तीनदा नापास झालेला माणूस, वस्ताद नसता तर काय झालं असतं देवाला ठाऊक. शाळेत असा एक माणूस पाहिजे, बास, बाकी सगळं आपोआप होतंय.

झणझणीत | ९ जून, सकाळी ८:०२

आमच्या वेळी असलं काय नव्हतं, छडी होती. तरी आम्ही वाढलोच की. आता पोराला वीसपैकी सात पडले तरी त्याचं मन जपायचं? पुढं कंपनीत साहेब शिव्या देईल तेव्हा हे मेंटॉर येणार आहेत का सोडवायला? पोरांना जरा कष्ट काढू दे. एवढं फुलासारखं जपून कणखर कशी होणार?

कोरा_कागद | ९ जून, सकाळी ९:३०

मी कॉलेजात आहे (कुठल्या ते विचारू नका). आमच्याकडं मेंटॉर-मेंटी स्कीम कागदावर फार झकास चालते. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम यायच्या आदल्या आठवड्यात अख्खा स्टाफ बसून फॉर्म भरतो, "विद्यार्थ्याच्या अडचणी जाणून घेतल्या, योग्य मार्गदर्शन केले", वर्षभराच्या सह्या एकाच निळ्या पेनाने. माझ्या यादीत साठ-सत्तर पोरं असतात, त्यातली निम्मी मला तोंडानं ओळखू येत नाहीत. एकदा तर एक मुलगी सही करताना म्हणाली, सर तुम्ही माझे मेंटॉर आहात? कधीपासनं?

तेव्हा खडूफळा सर, एकच सांगणं, फॉर्म काढू नका. एक फॉर्म काढला की दुसऱ्या वर्षी फॉर्मच उरतो. फारतर प्रत्येकानं आपली एक साधी वही ठेवावी, ती तपासायची नाही, वर पाठवायची नाही.

निवांत | ९ जून, दुपारी २:१०

मी समुपदेशक म्हणून शाळांतून काम करते, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

@झणझणीत दादा, कष्ट काढल्यानं पोरं कणखर होतात हे अर्धंच खरं आहे. हवाई बेटांपैकी कवाई नावाचं बेट आहे, तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. ज्यांच्या घरी गरिबी, दारू, भांडणं, आजारपण असं एकावर एक साचलेलं होतं, त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड, कामाची, माया असलेली माणसं झाली. ती पोरं काही वेगळ्या मातीची नव्हती. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा आईबाप सोडूनही एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आजी, मावशी, शेजारी, आणि कितीतरी जणांच्या बाबतीत शाळेतली एखादी बाई. बाकीच्या दोन तृतीयांश मुलांनीही कष्ट तेवढेच काढले होते, हे विसरू नका. आणि छडीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, तो विषय संपला.

@तालीमवाला दादा, वस्तादाचं पटतं, पण एक बोलू का? जी पोरं तालमीत टिकली तीच आज वस्तादाचं कौतुक सांगतात. जी दुसऱ्या आठवड्यात सोडून गेली ती इथं लिहायला नाहीत. शाळेत आपल्याला नेमकं त्या सोडून जाणाऱ्यांसाठीच माणूस पाहिजे.

आता खडूफळा सरांचा मुद्दा. माझ्या मते खरा प्रश्न पोरं कशी वाटायची हा नाहीच, तुम्ही किती काळ टिकणार हा आहे. अमेरिकेत मोठी माणसं आणि मुलं यांच्या जोड्या लावणारी एक जुनी संस्था आहे, तिथल्या जोड्यांवर जीन ऱ्होड्स आणि जीन ग्रॉसमन यांनी २००२ मध्ये अभ्यास छापला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. आणि जिथं तीन महिन्यांच्या आत माणूस निघून गेला तिथं मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट कमी झाला. सुरू केलंच नसतं तर बरं होतं अशी गत. ज्या पोराला आधीच दोन-तीन माणसं सोडून गेलीत त्याच्या आयुष्यात आपण चौथे व्हायचं का, हा विचार जूनमध्येच करा, दिवाळीनंतर नको.

म्हणून पंधरा नको, आठ-दहा घ्या. आठवड्यातनं एकदा ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी वीस मिनिटं. सगळी मिळून बसली तरी चालतंय. "काय प्रॉब्लेम आहे" असं विचारू नका, त्याला उत्तर "काय नाही सर" हेच येणार. डबा खाता खाता, मैदानाला चक्कर मारता मारता, हाताला काहीतरी काम असताना पोरं बोलतात. आणि बोलली की लगेच उपदेश सुरू करू नका, ही सवय आपल्या शिक्षक लोकांची फार वाईट.

झणझणीत | ९ जून, दुपारी ३:४५

@निवांत बरं बाई, छडी मागे. पण माझा प्रश्न तसाच आहे, सारखं सारखं कुणीतरी पाठीशी आहे म्हटल्यावर पोरगं स्वतः कधी उभं राहणार?

निवांत | ९ जून, संध्याकाळी ६:२०

चांगला प्रश्न. पोराचं काम आपण करायचं नसतंय. सात मार्क पडलेत ना, मग गणिताच्या सरांना जाऊन "मला हे कळलं नाही" असं म्हणायचं ते पोरानंच. मेंटॉरनं फार तर विचारायचं, कधी जाणार, काय म्हणणार, आणि सर रागावले तर काय करशील. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ते न विचारता जातंय.

बाकडं_नंबर_चार | ९ जून, रात्री ९:५०

मी आत्ता इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा सुटून फार दिवस नाही झाले म्हणून माझं मत. आमच्या शाळेत पण "पालक शिक्षक" अशी यादी लागली होती नोटीस बोर्डवर, माझं नाव ज्या सरांकडं होतं त्यांना मी घाबरायचो, त्यामुळं पूर्ण वर्ष त्यांच्यासमोर गेलो नाही. माझा खरा मेंटॉर म्हणजे आमचे शिपाईमामा. आईबाबांचं वेगळं व्हायचं चाललं होतं तेव्हा मी मधल्या सुट्टीत घंटेखाली जाऊन बसायचो, मामा काही विचारायचे नाहीत, फक्त म्हणायचे घंटा दे जा आज तू. रोज मी द्यायचो, चार टोले, आणि पूर्ण शाळा आत यायची, मला एकदम भारी वाटायचं. एक दिवस मीच सगळं सांगितलं त्यांना. त्यांनी मला विचारून वर्गाच्या बाईंना सांगितलं. विचारून, हे महत्त्वाचं.

तर सर, यादी पोरांकडनं पण येऊ दे. चिठ्ठीवर तीन नावं लिहायला सांगा, त्यात शिपाई, लायब्ररीवाल्या मॅडम, क्लार्क, पीटीचे सर सगळे चालतील असं सांगा.

तालीमवाला | ९ जून, रात्री १०:०५

घंटा दे जा आज तू. वाह रे मामा. नादखुळा माणूस.

गारगोटी_हून | १० जून, सकाळी ७:१५

वाचून छान वाटलं पण जरा आमच्याकडं या. दोनशिक्षकी शाळा, एक मी, दुसरे सर बीएलओ, म्हणजे मतदार यादीच्या कामाला. सकाळी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, मग यू-डायसची (शाळेच्या सरकारी नोंदीची) माहिती, मग अमुक लिंक भरा, तमुक फोटो अपलोड करा, नेटवर्क यायला डोंगरावर चढायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, पण सगळं काम त्या तीन शब्दांत बसवता येतं बघा! त्यात इकडं ऊसतोडीला येणाऱ्यांची पोरं दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात जातात. त्यांच्याशी तीन वर्षं नातं कसं ठेवायचं?

निवांत | १० जून, सकाळी ११:००

@गारगोटी_हून मॅडम, तुमच्याकडं वेगळी स्कीम नकोच, वीस पोरांची शाळा म्हणजे तुम्ही सगळ्यांच्याच आहात. हंगामी पोरांसाठी एकच, जायच्या आधी निरोप नीट द्या. कुठल्या गावाला चाललास, तिथल्या शाळेत कुणाला भेटायचं, माझा नंबर वहीत लिहून घे. जाणं ठरलेलं असलं आणि पोराला ते आधी माहीत असलं तर ते टाकून दिल्यासारखं वाटत नाही.

पंचगंगाकाठ | १० जून, दुपारी १:३०

पालक म्हणून लिहितोय. आम्ही चिखलीचे. २०१९ ला घर पाण्यात, परत २०२१ ला पाण्यात. माझी मुलगी तेव्हा लहान होती, आता आठवीत जाईल. जुलैत सलग दोन दिवस पाऊस लागला की ती मोबाईलवर पंचगंगेच्या पाण्याची राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसते. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे तिला पाढ्यासारखं पाठ. रात्री उठून दप्तर माळ्यावर ठेवते. शाळेत मात्र बाई म्हणतात मुलीचं लक्ष नाही, पावसाळ्यात मार्क घसरतात. आता ह्यात अभ्यासाचा काय संबंध? पण हे सांगायचं कुणाला, पालक सभेत साठ पालकांसमोर उठून?

दिल्लीत मध्ये असं काहीतरी सुरू केलं होतं ना, मोबाईलवर मेंटॉर? तसं इथं करता येईल का?

कोरा_कागद | १० जून, दुपारी २:०५

२०२१ ला दिल्ली सरकारनं नववी ते बारावीच्या मुलांसाठी सुरू केलेली योजना म्हणताय. बाहेरच्या स्वयंसेवकांनी फोनवरनं पोरांशी बोलायचं. त्यावर राष्ट्रीय बालहक्क आयोगानं मुलांच्या सुरक्षिततेचा आक्षेप घेतला आणि ती थांबवावी लागली. अनोळखी मोठं माणूस, फोनवर, एकट्या पोराशी. हेतू कितीही चांगला असू दे, मला तरी हे पटत नाही.

निवांत | १० जून, संध्याकाळी ५:४०

सहमत. शाळेतलाच माणूस, शाळेच्याच वेळात, शाळेतच, दार उघडं ठेवून किंवा चार लोकांच्या नजरेच्या टप्प्यात. रात्री व्हॉट्सअपवर पोरांशी वैयक्तिक बोलणं नाही. यात शिक्षकाचंही रक्षण आहे. मुलींच्या गटाला शक्यतो बाई असाव्यात, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत कागदावर असेलच, तिला यानिमित्तानं कामाला लावा.

@पंचगंगाकाठ दादा, तुमच्या मुलीला वेड लागलेलं नाही, दोनदा घर बुडालेलं पोर असंच वागणार. तिच्या शाळेत पुराच्या पट्ट्यातली आणखी मुलं असतील, त्यांचा एक गट जुलैच्या आधी एकत्र बसवा. पाणी वाढलं तर कोण कुठं जाणार, कागदपत्रं कुठं आहेत, शाळा बंद झाली तर बाईंचा फोन कधी येणार. हातात योजना आली की रात्रीची उठाबस कमी होते असा माझा अनुभव आहे. नाही झाली तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.

आता हाताबाहेरच्या प्रकरणांविषयी, सर्वांनीच नीट वाचा. मेंटॉर म्हणजे डॉक्टर नव्हे. पोराला पहिल्याच दिवशी सांगा की तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल, तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि आधी तुला सांगून मग सांगेन. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथं "शाळेची बदनामी" वगैरे चालत नाही. पोरगं "सगळं संपवावंसं वाटतंय" छाप बोललं तर विषय बदलू नका. जीव नकोसा झालाय का असं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात तसं येतं हा गैरसमज आहे, उलट बोलायला वाट मिळते. त्या पोराला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांना बोलवा. कोल्हापुरात सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

आणि हेडबाईंना हेही सांगा की जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक किमान एक. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शिवाय परीक्षांच्या काळात आणि एका टप्प्यावरनं दुसऱ्या टप्प्यावर जाताना मुलांच्या छोट्या गटांना मेंटॉर द्यायचे, हे त्यातच आहे. संस्थाचालक खर्चाचं कारण देतील तेव्हा हा कागद पुढं करा.

शाहूपुरी_पाचवी | १० जून, रात्री ८:३०

अवांतर होईल पण राहवत नाही. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, नंतर प्रत्येक समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९१७ ला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. नुसत्या दंडानं भागणार नाही, खेड्यातलं पोर शहरात टिकायचं तर त्याला राहायला जागा आणि आपली माणसं पाहिजेत, हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं. आमचे आजोबा बोर्डिंगात शिकले, मरेपर्यंत गणिताबद्दल कधी बोलले नाहीत, ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसलेल्या वरच्या वर्गातल्या पोराबद्दल मात्र बोलायचे.

म्हणजे दहावीची पोरं आठवीच्या पोरांकडं बघतील असंही करता येईल का?

निवांत | १० जून, रात्री ९:१०

येईल, पण मोठ्या पोरांवर गुपितं सांभाळायचं ओझं नको. नवीन पोराला शाळा दाखवणं, डब्याला सोबत बसवणं, "याला काहीतरी झालंय" असं बाईंना येऊन सांगणं, इतपत.

खडूफळा | १९ जुलै, रात्री १०:२०

उशीर झाला, शाळा सुरू झाल्यावर डोकं वर काढायला सवड नव्हती. इथनं जे घेतलं ते सांगतो. चिठ्ठ्या घेतल्या, प्रत्येकी तीन नावं. निकाल बघून स्टाफरूममध्ये दोन दिवस कुणी कुणाशी बोलेना (हलके घ्या). दोन शिक्षकांचं नाव एकाही चिठ्ठीवर नाही आणि लायब्ररीच्या मॅडमचं चाळीसेक. त्यांना एवढी कशी देणार, म्हणून दुसरी-तिसरी पसंती लावली. क्लार्क आणि एका मामांनाही छोटे गट दिलेत. संस्थेतनं विचारणा झाली की मामांना हे काम कसं काय, हेडबाईंनी सांगितलं, पोरांनी निवडलंय.

फॉर्म नाही. वही आहे, ज्याची त्याच्याकडं. बुधवारी मधल्या सुट्टीला जोडून वीस मिनिटं वेळापत्रकातच टाकली, नाहीतर ती कधीच मिळाली नसती. पीटीचा तास कापायची एका सरांची सूचना होती, तो मात्र कापू दिला नाही. बदली, निवृत्ती, बाळंतपणाची रजा हे सगळं येणारच, म्हणून प्रत्येक गटाला एक मुख्य आणि एक जोडीदार, दोघंही पहिल्या दिवसापासनं पोरांच्या ओळखीचे. ज्यांना तीन वर्षं जमणार नाही त्यांनी आत्ताच सांगा म्हटलं, तिघांनी स्पष्ट नाही सांगितलं, त्यांना पोरं दिली नाहीत. मला त्या तिघांचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. समुपदेशक आठवड्यातनं एक दिवस मिळावा म्हणून अर्ज गेलाय, बघू.

माझ्या गटात नऊ जण. पहिल्या बुधवारी कुणीच बोललं नाही, सगळ्यांनी शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्या बुधवारी फुटबॉलवरनं भांडण, खंडोबा तालीम भारी का पाटाकडील तालीम (पीटीएम), वीस मिनिटं त्यातच गेली. काल एक पोरगं तास संपल्यावर दारात घुटमळत होतं, म्हणालं सर बुधवार सोडून मधे आलं तर चालतंय का?

तालीमवाला | १९ जुलै, रात्री १०:३२

चालतंय म्हणालासा न्हवं?

खडूफळा | १९ जुलै, रात्री १०:३५

म्हटलं की. आज आलता.

सांगावडे_आई | २० जुलै, सकाळी ९:००

सर, माझ्या मुलाच्या शाळेत असलं काही नाही. कुणाला सांगायचं? एकटी गेले तर म्हणतील मुलातच काहीतरी आहे.

खडूफळा | २० जुलै, संध्याकाळी ६:४५

ताई एकट्या जाऊ नका, वर्गातल्या चार-पाच पालकांना घेऊन पालक-शिक्षक संघाच्या सभेत विषय लेखी द्या. मुलाचं नाव घालू नका, "आठवीच्या वर्गासाठी" असं लिहा. सोबत निवांत ताईंनी सांगितलेल्या त्या न्यायालयाच्या सूचनांची प्रत जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसमधनं हलू नका.